हाजींचं अर्धं वाक्य

विबोर्ग, ९ नोव्हेंबर

प्रिय एस्बेन,

तुझं हस्तलिखित वाचून संपवलं. तो जाडजूड गठ्ठा तीन आठवडे माझ्याबरोबर मी चालवतो त्या बसमधून फिरत होता. शेवटच्या थांब्यावर मला अकरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात चार-पाच पानं व्हायची. एकदा वाचायच्या नादात दोन मिनिटं उशिरा निघालो, तर पुढच्या बाकावरच्या आजीबाईंनी विचारलं, प्रेमपत्र आहे का? म्हटलं, नाही हो, युद्ध आहे. त्या म्हणाल्या, मग ते थांबलं असतं की.

सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं आहेस, ‘चुका दाखव, भीड धरू नकोस.’ तिकडे हेलमंडमध्ये तुझा दुभाषा असताना मी तुला कॅप्टनसाहेब म्हणायचो. इथे डॉक्टरपासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना अरे-तुरे करायचं असतं हे शिकायला मला दोन वर्षं लागली, आणि तुझ्याशी बोलताना अजून जीभ अडखळते. लिहिताना अडखळत नाही, म्हणून फोन न करता लिहितोय. स्पष्टच सांगतो, वाचताना माझं डोकं तापत गेलं. दोनदा गठ्ठा मिटून डब्यातली ब्रेड खात बसलो.

तू लिहिलेलं खोटं नाही. सहा-सहा महिन्यांनी तुकड्या बदलायच्या, त्यामुळे कोणाला काही उमगायच्या आत घरी जायची वेळ व्हायची, हे खरं. माणसं कमी होती, खोरं मोठं होतं, हे खरं. दुसऱ्या सैन्याशी लढायला शिकलेल्या पोरांना पाटाच्या पाण्यावरची भांडणं सोडवायला बसवलं, हेही खरं. कोपनहेगनमध्ये बसलेल्यांना फक्त परतीची तारीख हवी होती, हे तर तू फारच चांगलं लिहिलं आहेस. पण तीनशे बारा पानं कारणं, कारणं आणि कारणं. सूरकलाय गावची माणसं कुठे आहेत रे त्यात? हाजी शाहवली एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर येतात आणि पुढच्या पानावर संपतात. तिथे तू त्यांना ‘स्थानिक बंडखोरांचा म्होरक्या’ म्हटलं आहेस. मी आहे, तोही ‘फ्रेडी’ म्हणून. तुझ्या पोरांना फरीदून म्हणता येत नव्हतं हे मी समजू शकतो, पण तुला येत होतं.

पहिला दिवस आठवतो तुला? तुमची तुकडी नवीकोरी, बुटांना अजून धूळ लागायची होती. हाजींच्या बैठकीच्या खोलीत तू शिरस्त्राण काढून मांडीवर ठेवलंस आणि त्या जड जाकिटासकट जमिनीवर बसायला गेलास, तर गुडघे दुमडेनात. हाजींनी स्वतः उठून तुझ्या पाठीशी तक्क्या लावला. मग तू वही काढलीस. घरात माणसं किती, गावाला काय हवं, तालिबानी कुठून येतात. हाजींनी वहीकडे पाहिलं. मग ते म्हणाले, “चौथा आहेस बाळ तू. चौघांनीही मला हेच विचारलं, चौघांनीही वहीत लिहून घेतलं. तुमच्यात एकमेकांच्या वह्या वाचायची पद्धत नाही का?”

मी तुला सांगितलं, हाजी म्हणतायत, तुमचं स्वागत आहे. तू छातीवर हात ठेवून हसलास. हाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना तुमची भाषा येत नव्हती, पण इतक्या लांब बोलण्याचं एवढंसं कसं झालं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. मला तेव्हा वाटायचं, दुभाष्याचं काम म्हणजे दोन्हीकडच्या माणसांची तोंडं गोड ठेवणं.

तुझ्या चौथ्या की पाचव्या भेटीत हाजींनी आपलं खरं दुखणं सांगितलं, आणि तेव्हा मी एक अक्षर गाळलं नव्हतं. पुलावरची पोलिस चौकी उठवा. कमांडर ख्वाझकची माणसं येणाऱ्या-जाणाऱ्याला लुबाडतात, बाजाराला निघालेल्या तरण्या पोरांना उतरवून घेतात आणि संध्याकाळी मारून-झोडून सोडतात. मार खाऊन आलेलं पोर सरळ कुठे जातं? डोंगरात. तू शांतपणे समजावून सांगितलंस की ते सरकारचे लोक आहेत, आणि आम्ही सरकारला मदत करायलाच आलो आहोत. हाजी म्हणाले, “पुलावर बसलाय त्याला आम्ही ख्वाझक म्हणतो, तुम्ही सरकार म्हणता. आधी आम्हाला सरकार दाखवा, मग त्याला मदत करा.”

तू तळावर परतल्यावर वरच्यांना तीनदा लिहिलंस, हे मला माहीत आहे. उत्तर काय आलं तेही माहीत आहे. चौकी तिथेच राहिली. तुझ्या खोलीतल्या भिंतीवर खोऱ्याचा नकाशा होता, दर शनिवारी त्यात रंग भरायचे. सूरकलायवर हिरवा. वरून कोणी पाहुणे आले की तू अभिमानाने तिथे बोट ठेवायचास, तीन महिने गोळी सुटलेली नाही. पुस्तकातही तू ते आपल्या गस्तीचं फळ म्हणून लिहिलं आहेस. एस्बेन, गस्त तर पलीकडच्या गावांतही होती. सूरकलायात गोळी सुटत नव्हती कारण हाजी रोज नमाजनंतर आपल्या पुतण्यांना समोर बसवून सांगत होते, थांबा, हा कॅप्टन ऐकून घेतोय, थोडे दिवस थांबा.

आता त्या बैठकीविषयी, जिचं तुझ्या पुस्तकात एक वाक्य आहे. मार्चचा पहिला आठवडा, रविवार. खोली भरलेली होती आणि दारापाशी ख्वाझकचा चुलतभाऊ बंदूक मांडीवर घेऊन बसला होता. हाजी नेहमीपेक्षा हळू बोलले, दातही नव्हते त्यांना फारसे. मी तुला सांगितलं, गुरुवारी त्यांच्याकडे पाहुणे येणार आहेत, त्या दिवशी तुम्ही गावात येऊ नका. तू विचारलंस, एवढंच? मी म्हटलं, एवढंच.

मंगळवारी ख्वाझक स्वतः तळावर आला. बदाम-मनुका घेऊन आला होता. तो म्हणाला, गुरुवारी नदीपलीकडून तालिबानचे म्होरके शाहवलीच्या घरी जमणार आहेत. तू त्याच्यावर कधीच विश्वास ठेवत नव्हतास, हे मी कोणासमोरही सांगेन. पण तुमच्याकडे नियम होता, एकच बातमी दोन ठिकाणांहून आली की ती पक्की. एक ठिकाण ख्वाझक. दुसरं ठिकाण मी.

गुरुवारी उजाडता उजाडता आपण घराला वेढा घातला. पुस्तकात तू लिहिलं आहेस की एकही गोळी न झाडता कारवाई पार पडली, आणि ते खरंच आहे. सात म्हातारे. एकाला तर दोघांनी धरून बाहेर आणावं लागलं, त्याला दिसत नव्हतं. घरात दोन जुन्या बंदुका मिळाल्या, ज्या त्या खोऱ्यात प्रत्येक घरात असतात. हाजींच्या कोटाच्या आतल्या खिशात घडी घातलेला कागद मिळाला. तुझ्या तुकडीतल्या आक्सेलने तो तुझ्याकडे दिला, तू माझ्यापुढे धरलास आणि विचारलंस, काय आहे हे? मी म्हणालो, नावं आहेत. नावांची यादी आहे. आक्सेलने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर तारीख लिहिली.

हाजी हात मागे बांधलेले असे भिंतीपाशी बसले होते. ते तुझ्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

पकडलेल्यांना चार दिवसांच्या आत स्थानिक सरकारच्या ताब्यात द्यायचं, असा नियम. तो चांगल्यासाठीच केला होता, परक्यांच्या तुरुंगात कोणी खितपत पडू नये म्हणून. चौथ्या दिवशी स्थानिक सरकार आलं, ख्वाझकच्याच गाडीतून. तू कागदांवर सह्या केल्यास आणि गाडी जाईपर्यंत फाटकात उभा राहिलास. सातांपैकी तिघेच महिन्याभराने परत आले. हाजींचं प्रेत अकराव्या दिवशी घरी पोचलं. हृदय बंद पडलं, असं सांगण्यात आलं.

शनिवारी तू नकाशावर सूरकलाय हिरवाच ठेवलास. एप्रिलमध्ये पिवळा झाला, मेमध्ये लाल. पाटाच्या रस्त्यावर सोळा सुरुंग मिळाले आणि सतरावा आक्सेलला मिळाला. तुझ्या पुस्तकातलं हे प्रकरण वाचताना मी बस बाजूला घेतली. थांबाही नव्हता तिथे. आक्सेलने मला पहिल्या दिवशी तुमच्याकडची ती चघळायची खारट काळी गोळी दिली होती, माझं तोंड बघून तो हसून खाली बसला होता. तो गेला त्या दुपारी तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास आणि मी तुझ्या मागे पाण्याची बाटली घेऊन. तू लिहितोस, ‘वसंतात बाहेरून कसलेले लढवय्ये खोऱ्यात शिरले.’ बाहेरून कोणी आलं नव्हतं रे. ते हाजींचे पुतणे होते, त्या सात म्हाताऱ्यांचे मुलगे होते. रोज ज्यांना थांबा म्हणून सांगणारा एक माणूस होता, तो आपण नेला.

जूनमध्ये तुम्ही गेलात. पाचवा कॅप्टन आला, चांगला होता तोही. तुझी वही त्याने खरंच वाचली. सूरकलायच्या पानावर तू लिहिलं होतंस, ‘हाजी शाहवली, अटक. गाव विरोधात.’ त्याने गावात जाऊन विचारलं, तुम्हाला काय हवं? माणसं एकेक करून उठून गेली. तोपर्यंत ख्वाझकला बढती मिळून तो जिल्ह्याचा प्रमुख झाला होता. तुमच्याच एका मोठ्या अधिकाऱ्याचा त्याच्याशी हात मिळवतानाचा फोटो मेसमध्ये लावला होता, त्याच्याखाली बसून मी सहा महिने जेवलो.

हे सगळं मी तुला इतकी वर्षं का सांगितलं नाही, असं तू विचारशील. २०१३ साली माझे कागद अडकले तेव्हा तू रजा काढून तीन कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेस. बिलुंडच्या विमानतळावर तू तुझ्या बापाचा जाड कोट हातात घेऊन उभा होतास, कारण मी फेब्रुवारीत पातळ जाकीट घालून येणार हे तुला माहीत होतं. पहिला नाताळ तुझ्या घरी, मार्गरेथेने माझ्यासाठी डुकराऐवजी बदक भाजलं. असल्या माणसाला काय सांगायचं? दरवर्षी आक्सेलच्या कबरीपाशी आपण दोघं उभे राहतो, तू म्हणतोस, मी कुठे चुकलो ते मला कळत नाही फरीदून. मी दरवर्षी तुझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि घरी येऊन जेवत नाही.

मागे एकदा तू विचारलंस, त्या रविवारी हाजी नक्की काय बोलले? मी म्हणालो, मी काबूलचा, हेलमंडची बोली मला धड कळायची नाही, त्यातून दात नसलेला माणूस. अर्धंच कळलं मला. तू लगेच मान डोलवलीस. पुस्तकात तर त्यावर एक परिच्छेद आहे, दुभाषे परप्रांतांतले असल्याने झालेल्या गफलतींवर. मला त्या परिच्छेदाचा सगळ्यात जास्त राग आला, कारण तो माझ्या थापेवर उभा आहे.

मला सगळं कळलं होतं. शब्दन्‌ शब्द. हाजी म्हणाले होते, “गुरुवारी पलीकडचे सहाजण माझ्याकडे येतील. ज्या दुखण्याचं मी तुम्हा चौघांना सांगितलं, त्याचं औषध आणायला आम्ही मोठ्या हकिमाकडे निघणार आहोत. त्या दिवशी तुम्ही येऊ नका. औषध तुमचं आहे असं दिसायला नको.” दारात बसलेल्या त्या चुलतभावासमोर याहून उघड त्यांना बोलता येत नव्हतं. मोठा हकीम म्हणजे प्रांताचा गव्हर्नर. आणि खिशातला तो कागद म्हणजे ख्वाझकविरुद्धची तक्रार. खाली त्रेचाळीस नावं आणि त्रेचाळीस अंगठे. पहिली ओळ मी तुझ्या हातातच वाचली होती.

त्या रविवारच्या दोन दिवस आधी मी पुलावरून येत होतो. ख्वाझकने मला गाडीतून उतरवलं, चहा दिला आणि माझ्याशी पश्तू सोडून माझ्याच दरी भाषेत बोलायला लागला. शिकलेल्या माणसाला तिकडे म्हणतात तसं म्हणाला, “इंजिनियरसाहेब, काबूलला तुमची बहीण कार्ते परवानहून रोज चालत कॉलेजला जाते, नाही का? निळी पिशवी असते खांद्याला. एवढ्या लांब चालू नये पोरीने.” बस, एवढंच. तुमच्याबद्दल नाही, हाजींबद्दल नाही. मी चहा संपवला आणि शुक्रिया म्हणालो.

तळावर आल्यावर तुला सांगता आलं असतं. पण तू काय केलं असतंस? चौकशीसाठी वर लिहिलं असतंस. कागद आठवडाभराने त्याच्याच टेबलावर आला असता, कारण तिथलं सरकार तोच होता. आणि तू जूनमध्ये घरी. माझी बहीण काबूलमध्येच. असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो, आणि त्यात थोडं खरंही आहे. पण गुरुवारी, तो कागद समोर असताना, हाजी माझ्याकडे बघत असताना, मी नुसतं एवढंच म्हणायला हवं होतं, ही तक्रार आहे. दोन सेकंदांचं काम. तुझ्या सैन्यात काय-काय कमी होतं याची यादी तू केलीस. त्या अंगणात कमी होतं ते दोन सेकंदांचं धैर्य, आणि ते माझ्यात हवं होतं.

आता इतक्या उशिरा हे का, ते सांगतो. मी दर शनिवारी निर्वासितांच्या केंद्रात दुभाष्याचं काम करतो, तुला माहीत आहे. सप्टेंबरात तिथे एक बाई आली, पस्तिशीची, सुईण, दोन मुली बरोबर. मी नाव सांगितलं, बसा म्हणालो, काय अडचण आहे विचारलं. तिने मुलींना जवळ ओढलं. मग म्हणाली, “तुमचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. आवाज ओळखते.” त्या गुरुवारी मी तोंडावर फडकं गुंडाळून घराबाहेरून कर्ण्यातून ओरडत होतो, बायकांनी अंगणात यावं, कोणाला काही होणार नाही. ती म्हणाली, “तीनदा म्हणालात तुम्ही, कोणाला काही होणार नाही. आतल्या सगळ्या बायका घाबरल्या होत्या. मीच त्यांना सांगितलं, चला, माणूस शिकलेला वाटतोय, खोटं बोलणार नाही.” ही जरमीना, हाजी शाहवलींची धाकटी मुलगी. मी तिथेच तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, माफीचं नंतर बघू, आधी हा कागद वाचा. तिचा आश्रयाचा अर्ज नामंजूर झाला आहे. कारण एका ओळीत आहे, वडील बंडखोरांचे म्होरके, त्यांच्या खिशात सापडलेल्या लढवय्यांच्या यादीत पहिलं नाव. त्या ओळीखाली ज्या जुन्या अहवालाचा दाखला आहे, त्यावर तुझी सही आहे. फेरसुनावणी अठ्ठावीस तारखेला, सकाळी साडेनऊला, कोपनहेगनात. मी माझा जबाब लिहून, सही करून वकिलाला दिला आहे. वकील म्हणाला, यामुळे तुझ्याही कागदांची चौकशी निघू शकते. निघू दे. पण दुभाष्याचा शब्द शेवटी दुभाष्याचाच. अहवाल तुझा आहे, तो चुकीचा आहे हे तुलाच सांगावं लागेल. मला ठाऊक आहे, हे वाचून तू कदाचित माझ्याशी कधीच बोलणार नाहीस, आणि आक्सेलच्या आईला काय सांगायचं हेही तुझ्यावरच येऊन पडेल. तरी विनंती करतो. मी तिकीट काढलेलं आहे, पहाटेची पहिली गाडी. ती आणि तिच्या दोन्ही मुली माझ्याबरोबर असतील. तू आलास तर गाडीत आमच्या समोरच्या बाकावर बस. या वेळी मी तिचं बोलणं तुला पूर्ण सांगेन.

तुझाच,
फरीदून